कौटुंबिक रहस्याची थरारकथा लिहिताना या चुका टाळा

घरात दडवलेल्या गोष्टीवर थरारकथा लिहू पाहणाऱ्यांच्या पहिल्या खर्ड्यात माळ्यावरची ट्रंक आणि तिच्या तळाशी सापडणारी डायरी हमखास असते. सगळे डायरीतच लिहून ठेवलेले असेल, तर वाचकाने शोधायचे काय? त्याऐवजी ती गोष्ट झाकण्यासाठी घरची माणसे वर्षानुवर्षे काय करत आली, ते दाखवावे.

समजा, धाकटा काका तीस वर्षांपूर्वी भांडून निघून गेला, असे घरात सांगितले जाते आणि त्याचा विषय निघाला की मोठे काका अडकित्ता हातात घेतात. सर्वपित्रीला आजी पितरांची पाने वाढते, तेव्हा मात्र एक पान जास्त निघते. सून ते उचलायला गेली, तर आजी म्हणते, "असू दे गं, कावळ्याला होईल." प्रसंग इथेच सोडावा. "म्हणजे आजीला ठाऊक होते तर!" असे लगेच नायिकेच्या मनात आणणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण हा दुवा वाचकाने स्वतः जोडायचा असतो. शेवटच्या प्रकरणात गुन्हेगाराने दिलेला दहा पानी कबुलीजबाबही याच जातीचा.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करणारेही पुष्कळ आहेत. मृत्यूचा पुरावा नसेल, तर वारसनोंद होत नाही, काकाचे नाव सातबाऱ्यावर राहते आणि सामाईक जमिनीचा पूर्ण व्यवहार त्याच्या सहीवाचून अडतो. सात वर्षे ज्याची काहीच खबर नाही, त्याचा मृत्यू झाल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. मृत्यू नेमका कधी झाला, हे मात्र सिद्ध करावे लागते. मग मोठे काका इतक्या वर्षांत एकदाही कोर्टाची पायरी का चढले नाहीत? तलाठ्याकडे खेटे घातलेला वाचक हे विचारणारच, तेव्हा हाच प्रश्न कथेच्या मध्यभागी आणावा.

एखाद्या वासाने बालपणीचा प्रसंग जसाच्या तसा आठवणे, ही आणखी एक सोयीची पळवाट. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ जणांना, नातेवाइकांनी सांगितलेल्या खऱ्या आठवणींत मिसळून, लहानपणी बाजारसंकुलात हरवल्याचा एक खोटा प्रसंग दिला होता; त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांना तो पूर्णतः वा अंशतः 'आठवला'. म्हणजे "काका बॅग घेऊन फाटकाबाहेर जाताना मी पाहिला" ही नायिकेची आठवणसुद्धा घरच्यांनीच तिला सांगून सांगून दिलेली असू शकते, आणि म्हणूनच त्या बॅगेचा रंग ती दर वेळी वेगळा सांगते.