रिपोर्ट हातात आलाय, आता नेटवर शोधायचं कसं

मावशीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि खाली तिचा एकच मेसेज, "अगं हे नोड्यूल म्हणजे गाठ ना?" मी लगेच गूगलवर थायरॉइड नोड्यूल टाकलं आणि तिसऱ्या क्लिकला कॅन्सरवर पोचले. पुढच्या दीड तासाचं वर्णन करत नाही, ज्यांनी हे केलंय त्यांना सगळं माहितीये. सकाळी डोकं जागेवर आल्यावर रिपोर्ट नीट उघडला तर त्यात गाठीचं माप दिलेलं, १.२ सेंटीमीटर, आणि अगदी शेवटच्या ओळीत टायरॅड्स ३. म्हणजे जे बघायला हवं होतं ते समोरच होतं, मी फक्त पहिला भीतीदायक शब्द उचलून पळत सुटले होते.

मग टायरॅड्स ३ आणि माप असं दोन्ही टाकून शोधलं आणि वेगळीच पानं आली. टायरॅड्स म्हणजे गाठ सोनोग्राफीत कशी दिसते त्यावरून तिला १ ते ५ अशा गटात टाकायची पद्धत, अमेरिकन रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने २०१७ ला छापलेली. त्यात ३ म्हणजे कॅन्सर निघायची शक्यता शंभरात पाचच्या आसपास, सुई घालून तपासणी २.५ सेंटीमीटरपासून पुढे सुचवलेली आणि दीड सेंटीमीटरच्या खाली तर परत परत सोनोग्राफीसुद्धा सुचवलेली नाही. (युरोपची पद्धत वेगळी आहे, नाव जवळजवळ तेच आणि आकडे वेगळे, त्यामुळे रिपोर्टवाल्याने कुठली वापरलीय ते आधी बघा नाहीतर घोळ होतो.) दोन दिवसांनी डॉक्टरांनी मान तपासली, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का वगैरे विचारलं आणि साधारण तेच सांगितलं.

तर पहिलं काम, रिपोर्टमधले शब्द जसेच्या तसे इंग्लिशमध्येच टाका, आकडा आणि युनिटसकट, आणि सोबत वय टाका. आजाराचं नुसतं नाव टाकलं की नेट तुम्हाला त्या आजाराचं सगळ्यात वाईट टोक आधी दाखवतं, कारण लोक क्लिक तिथेच करतात.

एक मात्र आधीच सांगते. छातीत दाबल्यासारखं दुखतंय, चेहरा एका बाजूला वाकडा झालाय, बोलणं अचानक अडखळतंय, एका हातातली ताकद गेलीय, धाप लागलीय, अशा वेळी काहीही शोधायचं नाही, फोन ॲम्ब्युलन्सला लावायचा. शोधाशोध निवांत वेळेसाठी आहे.

लॅबच्या रिपोर्टबद्दल थोडं, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. बऱ्याच तपासण्यांची नॉर्मल रेंज अशी काढतात की निरोगी माणसं घ्यायची आणि त्यातले मधले ९५ टक्के रेंजमध्ये धरायचे. म्हणजे ठणठणीत माणसांपैकी वीसातला एक व्याख्येनेच बाहेर! आता फुल बॉडी चेकअपमध्ये अशा वीस तपासण्या केल्या आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर निरोगी माणसाचासुद्धा निदान एक आकडा बोल्डमध्ये यायची शक्यता ६४ टक्के निघते. कॅल्क्युलेटरवर ०.९५ चा विसावा घात काढून एकातून वजा करून बघा. त्यामुळे रेंजच्या जरासा बाहेर गेलेला एकटा आकडा बघून आजार शोधायला लागू नका, जुना रिपोर्ट काढा आणि आकडा कुठून कुठे सरकलाय ते बघा.

आता कुठे शोधायचं. माझा क्रम ठरलेला आहे. आधी मेडलाइनप्लस, ही अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची साइट आहे, किंवा ब्रिटनच्या एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची, दोन्हीकडे साध्या भाषेत आजार म्हणजे काय, कशाने होतो, काय उपचार असतात ते मिळतं आणि कुणी काही विकत नाही. मग त्या आजाराच्या गाइडलाइन्स, म्हणजे तपासण्या आणि उपचार कसे करावेत याबद्दल तज्ज्ञांच्या संघटनांनी डॉक्टरांसाठी लिहिलेल्या सूचना. मग कॉक्रेन, तिथे एखाद्या उपचारावर झालेले सगळे अभ्यास एकत्र करून तपासतात आणि प्रत्येक रिव्ह्यूला सामान्य माणसासाठी सोपा सारांश असतो, तो फुकट वाचता येतो. पबमेड, म्हणजे वैद्यकीय पेपरांची (शोधनिबंधांची) शोधता येणारी मोठी यादी, सगळ्यात शेवटी. १९९६ पासून सगळ्यांना फुकट खुलं आहे आणि म्हणूनच लोक आधी तिथेच उडी मारतात आणि हरवतात, कारण तिथे तुम्हाला हवं ते सिद्ध करणारा एक तरी पेपर सापडतोच. गेलातच तर डावीकडे फिल्टर असतात, त्यात सिस्टेमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारा) किंवा रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायलवर (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली तुलना) टिक करा, हजारोंची यादी एकदम आटोक्यात येते.

एआय चॅटबॉटला विचारायलाही हरकत नाही, अवघड शब्द सोपे करून सांगायला तो बरा आहे, पण त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ पबमेडमध्ये स्वतः उघडून बघा, कधीकधी तो पेपर अस्तित्वातच नसतो आणि नाव मात्र असं खरंखुरं वाटतं की बास.

पेपर उघडला की मी निष्कर्ष वाचत नाही. तो शेवटी. आधी बघायचं की अभ्यास कुणावर झालाय. उंदरांवर असेल तर टॅब बंद. माणसांवर असेल तर किती, कुठल्या वयाची, आणि मुख्य म्हणजे कशाच्या तुलनेत. हा "कशाच्या तुलनेत" फार महत्त्वाचा आहे, माणसांच्या संख्येपेक्षाही. बाराच माणसांचे दोन अभ्यास सांगते. १७४७ मध्ये जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्ही (व्हिटॅमिन सी कमी पडून होणारा आजार) झालेले बारा खलाशी घेतले, दोन दोनच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, एका जोडीला संत्री आणि लिंबू. संत्री लिंबूवाले आठवड्याभरात उठून बसले, बाकीचे नाही. बाराच माणसं, पण तुलना होती म्हणून उत्तर खरं निघालं (आरमाराने लिंबाचा रस सगळ्यांना द्यायला त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं घेतली ते सोडा). दुसरा १९९८ चा, लॅन्सेट या वैद्यकीय मासिकातला अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरचा, एमएमआर लस (गोवर, गालगुंड, रुबेलाची) आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा. त्यातही बाराच मुलं, पण तुलनेला कुणीच नाही आणि मुलं निवडून घेतलेली. २०१० मध्ये लॅन्सेटने तो मागे घेतला. नंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास झाला, २०१९ ला छापून आला, लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझमच्या प्रमाणात फरक दिसला नाही. तरी फॉरवर्ड अजून फिरतोय. म्हणून पबमेडवर पेपरच्या वरती रिट्रॅक्टेडची (म्हणजे पेपर मागे घेतल्याची) पट्टी आहे का ते बघायची सवय लावून घ्या, एका सेकंदाचं काम आहे.

कारण शोधताना लोक सगळ्यात जास्त फसतात आणि यात मीही आले. अमुक करणाऱ्यांना तमुक आजार कमी होतो असं वाचलं की आपण लगेच अमुक सुरू करतो. मेनोपॉझनंतरच्या हार्मोनच्या गोळ्यांचं उदाहरण घ्या, मला हे एकच उदाहरण दहा लेक्चरांइतकं वाटतं. कित्येक वर्षं निरीक्षणं सांगत होती की गोळ्या घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो. मग अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाच्या मोठ्या अभ्यासात १६,६०८ बायकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटात विभागलं, एका गटाला इस्ट्रोजेन प्रोजेस्टिनची गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची, आणि २००२ मध्ये तो भाग मध्येच थांबवावा लागला कारण गोळीवाल्या गटात ब्रेस्ट कॅन्सर वाढला आणि हृदयविकार कमी व्हायचा सोडून उलट थोडा जास्त दिसला. मग आधीची निरीक्षणं खोटी होती का? तसं नाही, पण स्वतःहून गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच जास्त शिकलेल्या, बऱ्या परिस्थितीतल्या, डॉक्टरकडे नियमित जाणाऱ्या होत्या, आणि त्या तब्येतीचं श्रेय गोळीला मिळत होतं. चिठ्ठ्या टाकून गट पाडले की अशा बायका दोन्हीकडे सारख्या वाटल्या जातात आणि मग उरतो तो फरक गोळीचा.

गोष्ट इथे संपत नाही. बातम्यांत आलं, ब्रेस्ट कॅन्सरचा धोका २६ टक्क्यांनी वाढला. ऐकून घामच फुटतो. पण मूळ आकडे काय होते, तर गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांमध्ये वर्षाला ३० आणि घेणाऱ्यांमध्ये ३८. दोन्ही वाक्यं खरी आहेत, फक्त पहिल्यात "कशाच्या २६ टक्के" हे गिळलेलं आहे. त्यामुळे कुठेही टक्का दिसला की थांबून स्वतःला विचारायचं, किती जणांतले किती होते आणि आता किती झाले. औषधाने धोका निम्मा झाला असं लिहिलं असेल तर शंभरातले ४० चे २० झाले की दहा हजारातले २ चा १ झाला, यावर ते औषध तुमच्यासाठी काय आहे ते ठरतं. जिथे हा मूळ आकडा शोधूनही मिळत नाही ते पान मी सरळ सोडून देते.

आणि परत तोच प्रश्न, कुणावर? त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. मेनोपॉझ नुकताच आलेल्या पन्नाशीतल्या बाईला ते आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, आताच्या गाइडलाइन्स साठीच्या आतल्या किंवा मेनोपॉझ येऊन दहा वर्षं न झालेल्या बाईचा हिशोब वेगळा धरतात. २००२ च्या बातमीवर थांबलेल्या कित्येकींपर्यंत हे पोचलंच नाही. म्हणून गाइडलाइनचं साल बघा.

याचा अर्थ ट्रायल नसेल तर काहीच खरं नाही असाही नाही हं. सिगारेट ओढायला लावून ट्रायल करता येत नाही, तरी १९५० मध्ये डॉल आणि हिल यांनी हॉस्पिटलातल्या पेशंटांची तुलना करून दाखवलेला फुप्फुसाच्या कॅन्सरशी संबंध खराच ठरला, कारण फरक प्रचंड होता, जास्त ओढणाऱ्यांना जास्त धोका होता आणि वेगवेगळ्या अभ्यासांत तेच येत राहिलं.

उपचाराचा पेपर असेल तर अजून एक बघा, मोजलंय काय. आकडा सुधारला की माणूस सुधारला? हार्ट अटॅकनंतर ठोके अनियमित पडतात म्हणून ते दाबणारी एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं देत असत. ठोके खरंच सुधारायचे. १९८९ मध्ये कास्ट नावाच्या ट्रायलमध्ये नीट मोजल्यावर कळलं की औषध घेणारे जास्त मरतायत. ईसीजी छान आणि पेशंट गेला.

तपासण्यांनाही हेच लागू आहे आणि इथे परत मावशीची थायरॉइड आली. दक्षिण कोरियात लोक इतर तपासण्यांबरोबर मानेची सोनोग्राफी पण करून घ्यायला लागले आणि २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं, मृत्यूंचं प्रमाण मात्र आहे तिथेच. म्हणजे सापडलेल्या बऱ्याचशा गाठींनी त्या माणसाला आयुष्यभर काहीही केलं नसतं, आणि आता ग्रंथी काढलेले कित्येक जण रोज गोळी घेतायत. लवकर सापडलं म्हणजे चांगलंच, हे मी पण धरून चालायचे.

एवढं सगळं वाचून डॉक्टरांकडे प्रिंटआउटचा गठ्ठा नेऊ नका, त्यांच्याकडे दहा मिनिटं असतात. एका कागदावर त्रास कधी सुरू झाला, चालू औषधं डोससकट, आणि तीन प्रश्न. माझे ठरलेले आहेत. काहीच केलं नाही तर काय होईल? या उपचाराने माझ्यासारख्या शंभरांपैकी किती जणांना फायदा होतो आणि किती जणांना त्रास? कुठलं लक्षण दिसलं तर परत यायचं? पहिला प्रश्न विचारायला लोक कचरतात, डॉक्टरांना उद्धट वाटेल म्हणून, पण मला अजून कुणी रागावलेलं नाही, एकांनी तर खुर्ची पुढे ओढून कागदावर आकृती काढून समजावलं.

आणि जुनाट आजार असेल तर रोज शोधत बसू नका. पबमेडवर फुकट अकाउंट काढून तुमचा सर्च सेव्ह करता येतो, नवीन काही आलं की ईमेल येतो. महिन्यातून एकदाचा लावा. मी मायग्रेनसाठी रोजचा लावला होता, मेल वाचून वाचूनच डोकं दुखायला लागलं.