मोठी मांजर पेटीबाहेर लघवी करू लागल्यास
वर्षानुवर्षे वाळूच्या पेटीतच जाणारी मांजर अचानक गादीवर किंवा पायपुसण्यावर लघवी करू लागली, तर तिला न रागावता आधी पशुवैद्यांकडून लघवी तपासून घ्यावी. आणि बोका पेटीत वारंवार बसून जोर करत असेल, पण थेंबही पडत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबल्याची शक्यता असल्याने सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठावा. आजार नसल्यास पेटीची जागा पाहावी. ठाण्यातल्या आटोपशीर फ्लॅटमध्ये ती बहुधा वॉशिंग मशीनशेजारी असते आणि मशीन घरघरू लागताच मांजर बिचकते. पावसाळ्यात ड्राय बाल्कनीतली वाळू दमट होते, म्हणून पेटी घरातल्या शांत कोपऱ्यात आणावी व बिनवासाच्या वाळूचा ५ ते ७ सेंटीमीटरांचा थर ठेवावा.