जुन्या व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) रेडिओचा गिटार अँप करताय? या चुका टाळा

अडगळीतला सेट हाती आला की प्लग लावून बघायची घाई होते. लावू नका. वर्षानुवर्षं पडून असलेल्या सेटमधले फिल्टर कपॅसिटर (डीसी सपाट करणारे) सुकलेले असतात आणि शॉर्ट झाले तर रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचा डीसी करणारा) आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही घेऊन जातात. मी पहिल्यांदा सेट कायम 60 वॅटच्या सिरीज बल्बवरच, म्हणजे मेन्सच्या एका तारेत मध्ये जोडलेल्या बल्बमधून, चालू करतो. बल्ब तारेचाच हवा, एलईडी नाही. तो क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, भगभगत राहिला तर लगेच बंद.

त्याआधी मेन्सपासून सेट वेगळा ठेवणारा पॉवर ट्रान्सफॉर्मर आहे का बघा. यूएल84 किंवा 50सी5 असे व्हॉल्व्ह दिसले तर बहुधा नसतोच. तिथे व्हॉल्व्हची सगळी फिलामेंट सिरीजमध्ये थेट मेन्सवर असतात आणि चॅसिस, म्हणजे सेटचा धातूचा सांगाडा, मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. लाकडी पेटी आणि प्लॅस्टिकच्या नॉबमुळे रेडिओ म्हणून ते निभावलं. गिटारचा जॅक त्याच चॅसिसवर बसवलात तर हाताखालच्या तारांमध्ये मेन्स येते. ‘प्लग उलटा लावला की झटका बसत नाही’ हा उपाय नव्हे, जिवाशी खेळ आहे. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवा, नाहीतर तो सेट सोडा. मी सोडतो.

आता ज्या चुकीने मला सर्वात जास्त त्रास होतो ती: काहीही बिघडलं की नवा व्हॉल्व्ह. एक मुलगा जुन्या रेकॉर्ड प्लेअरचा, ईएल84 वाला अँप घेऊन आला. पाच मिनिटं आवाज गोड, मग घोगरा, आणि व्हॉल्व्हची प्लेट लालभडक. दोन नवे व्हॉल्व्ह जाळून तिसरा खिशात होता. मी पिन 2 वर, म्हणजे आवाजाचा सिग्नल जिथे शिरतो त्या ग्रिडवर, मीटर लावला. तिथे जवळपास शून्य हवं. होते 14 व्होल्ट. मागचा कागदी कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे सोडणारा, डीसी अडवणारा) ओल धरून गळत होता, आधीच्या स्टेजचा डीसी ग्रिडवर येत होता आणि 12 वॅटची प्लेट बिचारी भाजत होती. 0.022 मायक्रोफॅरड, 630 व्होल्टचा फिल्म कपॅसिटर घातला, त्याचा पहिलाच व्हॉल्व्ह परत लावला, तो अजून वाजतोय. मी कागदी कपॅसिटर तपासत बसत नाही, सरसकट बदलतो.

स्पीकर न जोडता अँप वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. दोन तारांची केबल काढून अर्थिंगवाली तीन तारांची घाला. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये 300 व्होल्ट राहू शकतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका, 10 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टर लावून मीटरवर शून्य येईपर्यंत थांबा.

आणि रेडिओचा मूळ स्पीकर जपून ठेवा. गिटारच्या जाड तारांच्या खर्जातल्या आवाजाने त्याचा कागदी कोन फाटू शकतो.