गृहकर्ज दुसऱ्या बँकेत कसं हलवावं: आधी हिशेब, मग अर्ज

फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ६.५० टक्क्यांवरून ५.५० टक्क्यांवर आणला. तुमच्या गृहकर्जाचा दर तेवढा उतरला नसेल, तर मंजुरीपत्र काढा आणि दर कशाला जोडलेला आहे ते बघा. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेकडून घेतलेलं बदलत्या दराचं कर्ज रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेलं असतं आणि तीन महिन्यांतून एकदा तरी बदलतं. त्याआधीचं कर्ज ‘एमसीएलआर’ किंवा बेस रेट या बँकेने स्वतः काढलेल्या जुन्या दरांवर अडकलेलं असू शकतं. गृहवित्त कंपन्या तर स्वतःच ठरवलेल्या दराला कर्ज जोडतात. रेपोला जोडलेल्या कर्जातही ‘स्प्रेड’, म्हणजे रेपोवर बँक लावते तो जादा टक्का, जुना असेल, तर नव्या ग्राहकाला तुमच्यापेक्षा स्वस्त कर्ज मिळतं.

अर्ज पहिल्यांदा आपल्याच बँकेत द्या. ‘माझं कर्ज सध्याच्या नव्या ग्राहकांच्या दरावर आणावं’ असं लिहून द्या आणि पोच घ्या. यासाठी बदल शुल्क लागतं. कुठे ते ठरावीक रक्कम असतं, तर कुठे शिल्लक कर्जाच्या टक्केवारीत. मात्र नवं मुद्रांक शुल्क, वकिलाचा अहवाल, मूल्यांकन, यातलं काहीच लागत नाही. म्हणून दुसरी बँक पाव टक्का कमी देत असली, तरी घरच्या घरी दर बदलून घेणं बहुतेक वेळा परवडतं.

आता हिशेब. शिल्लक कर्ज ४० लाख, उरलेली मुदत १५ वर्षं आणि दर ९.२५ टक्के असेल, तर हप्ता ४१,१६८ रुपये येतो. ८.२५ टक्क्यांवर हलवलं आणि मुदत तेवढीच ठेवली, तर हप्ता ३८,८०६ होतो. महिन्याला २,३६२ रुपये, म्हणजे १५ वर्षांत सव्वाचार लाख वाचतात. पण हप्ता कमी न करता जुनेच ४१,१६८ भरत राहिलात, तर कर्ज १६१ महिन्यांत फिटतं. १९ हप्ते वाचतात आणि बचत जाते पावणेआठ लाखांच्या वर. झेपत असेल तर हाच पर्याय घ्या.

सर्वात जास्त नुकसान नेमकं याच टप्प्यावर होतं. नव्या बँकेचा माणूस कागदावर २० वर्षांची मुदत मांडतो. हप्ता थेट ३४,०८३ वर येतो आणि घरात सगळ्यांना हायसं वाटतं. पण २४० हप्त्यांची बेरीज ८१ लाख ८० हजारांच्या घरात जाते. जुन्या महाग दरानेच भरत राहिला असतात, तर एकूण ७४ लाख १० हजार गेले असते. दर एक टक्क्याने उतरूनही पावणेआठ लाख जास्त! म्हणून अर्जावर मुदतीचा रकाना स्वतः भरा आणि तिथे उरलेलेच महिने लिहा.

बचतीतून खर्च वजा करा. नव्या बँकेची प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा जीएसटी, वकील आणि मूल्यांकन यांचं शुल्क, शिवाय गहाणाचं मुद्रांक शुल्क. महाराष्ट्रात पाच लाखांवरच्या कर्जाला ते ०.३ टक्के धरा, म्हणजे ४० लाखांवर १२,०००. गहाणाची सूचना ३० दिवसांच्या आत दस्त नोंदणीच्या दुय्यम निबंधकाकडे दाखल करायची असते, तिचं शुल्क वेगळं. जुन्या बँकेला मात्र दंड द्यायचा नाही: व्यक्तीने घरासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क घेता येत नाही. कर्जाबरोबर विमा घेण्याचा आग्रह होईल. तो बंधनकारक नाही, आणि त्याचा एकरकमी हप्ता कर्जात मिसळला की त्यावरही व्याज चढतं.

शेवटची चार-पाच वर्षं उरली असतील किंवा लवकरच घर विकायचं असेल, तर या फंदात पडू नका. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नसेल किंवा जागा गुंठेवारीची असेल, तर फी भरण्याआधीच नव्या बँकेला तसं स्पष्ट सांगा. वकिलाच्या अहवालात प्रकरण अडकलं, तर प्रोसेसिंग फी सहसा परत मिळत नाही.

मग जुन्या बँकेकडून तीन कागद मागा: कर्जाचा वर्षभराचा उतारा, त्यांच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी आणि फोरक्लोजर पत्र, म्हणजे कर्ज बंद करायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र. या टप्प्यावर त्यांचा ‘दर कमी करतो, जाऊ नका’ असा फोन येऊ शकतो. आनंदाने ऐका, पण लेखी आल्याशिवाय थांबू नका. फोरक्लोजर पत्र थोडेच दिवस चालतं आणि त्यात दर दिवसाचं व्याज लिहिलेलं असतं. नव्या बँकेचा धनादेश चार दिवस उशिरा पोचला, की तेवढी रक्कम कमी पडते आणि खातं बंद होत नाही. म्हणून हप्ता कापला जातो त्या खात्यात थोडे पैसे जादा ठेवा. हप्त्याची तारीख जवळ असेल तर तो हप्ता जाऊ द्या आणि मगच कर्ज हलवा. खातं बंद झाल्यावर जुन्या बँकेची हप्ता कापण्याची परवानगी लेखी रद्द करा, नाहीतर एकाच महिन्यात दोन हप्ते जातात.

कागद परत घेताना यादी हातात धरून एकेक तपासा: मूळ करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सारांश), आधीच्या मालकांचे करारनामे, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत कागद परत मिळायलाच हवेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद थेट नव्या बँकेकडे जाणार असतील, तरी पोचपावतीची प्रत स्वतःकडे ठेवा.

सोसायटीच्या दप्तरात जुन्या बँकेचं नाव असेल, तर बेबाकी पत्र (कर्ज पूर्ण फिटल्याचं बँकेचं पत्र) देऊन ते काढायला सांगा. महिना-दीड महिन्याने सिबिलचा (तुमच्या कर्जांच्या नोंदींचा) अहवाल काढून जुनं खातं बंद दिसतंय का ते बघा. गावाकडच्या बंगल्याच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढलेला असेल, तर तेच पत्र जोडून तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज द्या आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून घ्या.