तांब्याच्या जगाची (पाण्याच्या भांड्याची) डिझाइन नोंदणी मी कशी केली

माझं सासर पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीतलं. सासरे बंब आणि घंगाळी घडवायचे. मी तांब्यापितळेच्या घरगुती वस्तूंची नवी डिझाइन्स करते आणि आळीतल्याच कारागिरांकडून ती घडवून घेते. 2021 च्या दिवाळीआधी आम्ही एक टेबलावरचा दिवा केला. दांडा समईचा, पण मधेच वळलेला, आणि वर मठारलेली, म्हणजे हातोडीने ठोकून ठसे उठवलेली, तांब्याची वाटी पालथी घातलेली. पहिला नग बफिंग (चकाकीसाठी घासणं) होऊन आला त्याच संध्याकाळी मी त्याचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकले. पुढच्या आठवड्यात प्रदर्शनात स्टॉल होता, तिथे अकरा दिवे गेले. फेब्रुवारीत तस्साच दिवा, पातळ पत्र्याचा, ऑनलाइन निम्म्या किमतीत दिसला. वकीलबाईंकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "फोटो कधी टाकलेत?" तारीख ऐकून त्या म्हणाल्या, "मग या दिव्याची नोंदणी आता होणार नाही."

त्यानंतर पाण्याचा जग केला तेव्हा सगळं नीट क्रमाने केलं. तो क्रम इथे लिहिते आहे. माझ्यासारखी छोटी कामं करणाऱ्या कुणाचा तरी दिवा वाचावा, एवढ्यासाठी.

वस्तूच्या दिसण्याला आपल्याकडे डिझाइन्स ॲक्ट, 2000 खाली संरक्षण मिळतं. त्याच्या कलम 4 प्रमाणे अर्जाच्या तारखेआधी ते डिझाइन भारतात किंवा बाहेर कुठेही जाहीर झालेलं चालत नाही. छापून, विकून, वापरून, कोणत्याही रीतीने. जाहीर करणारे आपण स्वतःच असलो तरी सूट नाही. प्रदर्शनासाठी एक अपवाद कायद्यात आहे, पण तो केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरता. त्यासाठी कंट्रोलरला, म्हणजे डिझाइन नोंदणीच्या मुख्य अधिकाऱ्याला, आधी नोटीस द्यावी लागते आणि पहिल्यांदा मांडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. हॉलमधलं दिवाळी प्रदर्शन त्यात बसत नाही.

विश्वासाने, गुप्ततेच्या अटीवर दाखवलेलं मात्र जाहीर होणं धरत नाहीत. म्हणून मी आता कारागीर, बफिंगवाले आणि फोटोग्राफर यांच्याकडून एका पानाच्या साध्या मराठी पत्रावर सही घेते: नमुना कुणाला दाखवणार नाही, फोटो पाठवणार नाही. पहिल्यांदा घरातल्याच माणसांना असं पत्र द्यायला मला फार अवघड वाटलं. एका काकांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे आमच्या वडिलांच्या वेळी पाहिजे होतं."

"चित्र तूच काढलंस ना, मग कॉपीराइट आहेच की," असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. हा समज महागात पडतो. कॉपीराइट ॲक्टच्या कलम 15 मध्ये स्पष्ट आहे: डिझाइन नोंदवण्याजोगं असून नोंदवलं नाही आणि त्यावरून मालकाने किंवा त्याच्या परवानगीने पन्नासाहून जास्त नग औद्योगिक पद्धतीने काढले, की त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपतो. म्हणजे माल जितका चांगला खपेल तितके आपण उघडे पडतो.

नोंदणी मिळते ती फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींना: आकार, ठेवण, नक्षी, रेषांची किंवा रंगांची मांडणी. जगाचं झाकण कसं अडकतं, धार कशी थेंब न सांडता पडते, हे यात येत नाही. ते नवं असेल तर पेटंटचा विचार करा. नाव आणि शिक्का ट्रेडमार्कमध्ये जातात. आणि हातकामाच्या लोकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: कायद्याच्या व्याख्येत हाताने, यंत्राने किंवा रसायनाने केलेली, अशी कोणतीही प्रक्रिया चालते. हातोडीने घडवलेली वस्तूही नोंदवता येते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. आपलं नवं नेमकं काय आहे?

माझ्या जगावर मठारकाम आहे, हातोडीच्या ठोक्यांचे ते चमकणारे ठसे. ते माझं नाही. ते आळीचं आहे, माझ्या सासऱ्यांच्या सासऱ्यांच्याही आधीपासूनचं. तांब्याचा गोल गडवा माझा नाही. माझं एवढंच: पोट गोल ठेवून खांदा एका बाजूला तिरका कापला आहे, आणि पितळी मूठ त्या कापाच्या रेषेतच पुढे जाऊन खाली उतरते. हे मी कागदावर लिहून काढलं आणि मग शोधाला बसले. आयपी इंडिया या सरकारी संकेतस्थळावर नोंदलेली डिझाइन्स शोधता येतात. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण कधीच न नोंदवलेली जुनी वस्तूसुद्धा तुमचं नावीन्य खोडू शकते. मी पिंटरेस्ट पाहिलं, परदेशी दुकानांचे कॅटलॉग पाहिले, केळकर संग्रहालयातली भांडी जाऊन पाहिली. तिरक्या खांद्याची एक सुरई सापडली, पण तिला मूठ नव्हती आणि काप वेगळा होता. ओळखीच्या डिझाइन्सपेक्षा आपलं ठळकपणे वेगळं दिसावं लागतं. मूठ जरा लांब केली, एवढ्याने भागत नाही.

2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या तेव्हा खूप जण विचारत होते की कोल्हापुरीचं डिझाइन नोंदवलेलं नव्हतं का. पिढ्यान्‌पिढ्यांचा आकार असा कुणा एकाच्या नावावर नोंदवताच येत नाही. त्यासाठी भौगोलिक मानांकन (एखाद्या प्रदेशाच्या खास वस्तूची नोंदणी) असतं, आणि कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून ते आहे. आपल्या परंपरेतलं काही स्वतःच्या नावावर करायचा मोह कुणी करू नये. कायद्याने ते टिकत नाही, आणि ते बरोबरही नाही.

मालक कोण, हेही आधी ठरवा. मोबदला देऊन दुसऱ्याकडून डिझाइन करून घेतलं तर मालक पैसे देणारा. पण आकार कारागिराने स्वतः सुचवला असेल तर तो त्याचा. आमच्या जगाची मूठ मुळात एका कारागिराला सुचली होती, म्हणून अर्जात आम्ही दोघं अर्जदार आहोत.

फोटोंवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. अर्जाबरोबर ए-फोर कागदावर वस्तूची दृश्यं द्यावी लागतात: समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि एक तिरकं, तीन बाजू एकत्र दाखवणारं. पार्श्वभूमी कोरी, मापं नकोत, शेजारी फुलं-पानं नकोत. तांब्याची अडचण अशी की त्यात खिडकी, हात, मोबाइल सगळं उमटतं, आणि ते नक्षीसारखं दिसतं. आम्ही चारी बाजूंनी पांढरं मलमल ताणून आतून फोटो काढले. तरी हरकत आलीच. डावीकडचं दृश्य दुसऱ्या नगाचं होतं आणि त्याची मूठ केसभर वर बसली होती. दृश्यं एकमेकांशी जुळत नाहीत असं परीक्षकांनी लिहिलं. सगळे फोटो एकाच नगाचे, एकाच दिवशी काढा.

प्रत्येक पानावर नावीन्याचं एक वाक्य लागतं: दाखवलेल्या जगाचा आकार आणि ठेवण यात नावीन्य आहे, अशा अर्थाचं. नवेपणा सगळ्या वस्तूत नसून एका भागात असेल तर तो भाग चित्रात दाखवून तेवढंच मागा. यांत्रिक क्रियेवर, तसंच दिसणाऱ्या अक्षरांवर किंवा ट्रेडमार्कवर हक्क सांगत नाही, हेही तिथेच लिहितात.

बाकी अर्ज सोपा आहे. फॉर्म 1, ऑनलाइन. मुंबईत अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनातही देता येतो, तपासणी कोलकात्याला होते. वर्ग लोकार्नो या आंतरराष्ट्रीय डिझाइन वर्गीकरणाप्रमाणे; माझा जग 07-01 मध्ये गेला, दिवा असता तर वर्ग 26. वस्तूचं नाव नेमकं लिहा, "शोभेची वस्तू" असं मोघम नको. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर फी 1,000 रुपये, इतरांना 4,000. हरकती दूर करून अर्ज पूर्ण करायची मुदत अर्जाच्या तारखेपासून सहा महिने असते, हरकतीचं पत्र आल्यापासून नव्हे. ती संपण्याआधी फी भरून आणखी जास्तीत जास्त तीन महिने मिळतात.

नोंदणी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते आणि दहा वर्षं टिकते. ती संपण्याआधी फॉर्म 3 भरला तर आणखी पाच. त्यानंतर डिझाइन सगळ्यांचं.

प्रमाणपत्र आल्यावर मी आळीतच एक छोटा पंच करून घेतला. प्रत्येक जगाच्या बुडाला नोंदणीची खूण म्हणून "आरडी" ही अक्षरं आणि नोंदणी क्रमांक ठोकतो. ही खूण नसली, तर खूण पडावी म्हणून योग्य ती सगळी काळजी घेतली होती किंवा नक्कल करणाऱ्याला नोंदणी माहीत होती, हे सिद्ध करावं लागतं. नाहीतर नुकसानभरपाई अडते.

नक्कल झालीच तर पोलिसांत जाऊन उपयोग नाही, हा दिवाणी मामला आहे. जिल्हा न्यायालयात किंवा त्याच्या वर दावा करायचा. एका डिझाइनमागे 50,000 रुपयांपर्यंतची ठरलेली रक्कम मागायची, किंवा मनाई हुकूम आणि प्रत्यक्ष नुकसान. समोरचा जवळजवळ नेहमीच म्हणतो की हे डिझाइन नवं नव्हतंच, आणि तो मुद्दा आला की प्रकरण उच्च न्यायालयात जातं. म्हणून शोधाच्या वेळचे कागद, नमुन्यांची तारखेची बिलं आणि सह्यांची पत्रं मी एका फाइलमध्ये ठेवते.

सध्या नव्या फुलदाणीचं काम चालू आहे. नमुना कपाटात आहे, अर्ज गुरुवारी भरला, पावतीवर तारीख आली. फोटो शुक्रवारी सकाळी टाकले.