क्वार्टरबॅकवर भांडायचं असेल तर आधी वही काढा

अमेरिकन फुटबॉलची मॅच संपल्यावर पहिली दहा मिनिटं विशेषणं बंद. आमच्या अनगोळच्या घरात हा नियम आहे, आणि मोडणाऱ्याने सगळ्यांचा चहा करायचा. "भारी", "फालतू", "डोकंच नाही त्याला", "नुसतं पळतंय की ते" यातलं काही चालत नाही. काय बघितलंस तेवढं सांग. कितवा डाऊन होता, किती यार्ड हवे होते, बॉल कुणाकडे टाकला, तो पोचला की नाही.

बेळगावात फुटबॉल म्हटलं की कॅम्पातला, गोल बॉलचा. हेल्मेट घालून लांबट बॉलने खेळतात तो अमेरिकन प्रकार बघणारे आम्ही मोजकेच. भाचा बाल्टिमोरजवळ नोकरीला लागला आणि त्याने हा नाद लावला. तिकडचा रविवार रात्रीचा सामना आपल्याकडे सोमवारी पहाटे 5:50 ला लागतो. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासभर मागे गेली की 6:50 ला. मी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत इन्स्पेक्शनला आहे, दुसरी पाळी असली की निवांत बघतो. शेजारचे हवालदारकाका, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, ते कानटोपी घालूनच येतात. खानापूरकडच्या शाळेतले पीटी सर सोमवारी येऊ शकत नाहीत. ते संध्याकाळी मोबाइलवर हायलाइट्स बघून, भांडायची पूर्ण तयारी करून येतात. हायलाइट्स बघून आलेल्या माणसाशी वाद घालणं किती अवघड असतं ते क्रिकेटवाल्यांनाही माहीत आहे.

तर वाद कशावर? बहुतेक वेळा क्वार्टरबॅकवर. नवीन माणसासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक बाजूला 11 खेळाडू. चार प्रयत्नांत म्हणजे चार डाऊनमध्ये 10 यार्ड पुढे सरकायचं, सरकलात तर पुन्हा चार मिळतात. क्वार्टरबॅक हा बॉल हातात घेऊन ठरवणारा माणूस. बॉल हातात येण्याआधी तो समोरच्यांची मांडणी वाचतो, आपल्यांना ओरडून बदल सांगतो, आणि हातात आल्यावर अडीच-तीन सेकंदांत कुणाकडे टाकायचा, की स्वतः पळायचं, हे ठरवतो. त्यामुळे जिंकलं की त्याचं आणि हरलं की त्याचंच, अशी पद्धत पडली आहे. तिकडच्या लोकांनी शंभर वर्षं या जागेला "डोक्याची जागा" मानलं, आणि काळे खेळाडू पायांचे, डोक्याचे नव्हेत असंही मानलं. गोची तिथंच आहे.

वहीत चार रकाने आखा. पहिल्यात डाऊन आणि हवे असलेले यार्ड. दुसऱ्यात क्वार्टरबॅकने काय केलं. तिसऱ्यात बाकीच्यांनी काय केलं. चौथ्यात निकाल. माझ्या कामावर कास्टिंग नाकारताना टॅगवर "माल खराब" लिहिलं तर साहेब टॅग तोंडावर फेकतील. ब्लोहोल कुठं आहे, माप किती कमी आहे, ते लिहावं लागतं. इथंही तेवढंच करायचं आहे. तिसरा रकाना मात्र रिकामा ठेवू नका, सगळी भांडणं त्या रकान्यात मिटतात.

एक सामना घेऊन दाखवतो. 20 जानेवारी 2025, आपल्या पहाटे 5 वाजता. बफेलोत बर्फ पडत होता, बफेलो बिल्स विरुद्ध बाल्टिमोर रेव्हन्स, प्लेऑफ म्हणजे बाद फेरी. एका बाजूला जॉश ॲलन, दुसऱ्या बाजूला लमार जॅक्सन. पहिला गोरा, दुसरा काळा, दोघेही 2018 च्या एकाच ड्राफ्टमधले, म्हणजे कॉलेजातली पोरं संघ क्रमाने उचलतात त्या निवडीतले. शेवटाला 1 मिनिट 33 सेकंद बाकी असताना जॅक्सनने 24 यार्डांचा टचडाऊन पास दिला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या रेषेपार पोचवला, आणि स्कोअर झाला 27-25. बरोबरीसाठी दोन पॉइंटांचा एक प्रयत्न मिळतो. जॅक्सनने बॉल टाकला, आपल्याच संघातल्या मार्क अँड्र्यूजच्या हातात पोचला, आणि हातातून निसटला. सामना तिथंच संपल्यासारखा.

भाच्याचा फोन लगेच. रडवेला. "मामा, याच्यानं मोठी मॅच होतच नाही." हवालदारकाका माझ्या मागून ओरडले, "चहा! चहा ठेव म्हणावं त्याला तिकडंच."

मग वही उघडली. जॅक्सन: 25 पैकी 18 पास पूर्ण, 254 यार्ड, दोन टचडाऊन पास. ॲलन: 22 पैकी 16, 127 यार्ड, टचडाऊन पास एकही नाही, दोन टचडाऊन केले ते स्वतः पळून. आता सांगा, जॅक्सनला म्हणतात तो "पळणारा क्वार्टरबॅक" त्या पहाटे कोण होता? पण थांबा, जॅक्सनला सोडू नका. पहिल्या हाफात त्याने एक बॉल समोरच्यांच्या हातात टाकला आणि एक हातातून घालवला. चौथ्या क्वार्टरमध्ये अँड्र्यूजनेही एक घालवला. बाल्टिमोरने असे तीन बॉल दिले, बफेलोने एकही नाही. सामना त्या तीन बॉलांवर गेला, आणि तीनपैकी दोन जॅक्सनच्या नावावर लिहिलेच पाहिजेत. शेवटचा पास मात्र तिसऱ्या रकान्यात जातो. तो त्याने टाकायचा तसा टाकला होता.

हे सगळं बोलून झाल्यावर भाचा म्हणाला, "असू दे की, पण पहिल्या हाफात घाण केलीच." हो, केलीच. असा वाद चालतो.

दुसरी पायरी: नावं झाकून वाचा. खेळाडूबद्दलचं एखादं वाक्य ऐकलं की त्यात दुसऱ्याचं नाव घालून बघायचं. तेच वाक्य ॲलनबद्दल कुणी म्हणालं असतं काय? 2018 च्या ड्राफ्टआधीची चर्चा घ्या. कॉलेजात दोघांचेही पूर्ण झालेले पास शंभरात साठपेक्षा कमी, जॅक्सनचे उलट किंचित जास्त. जॅक्सनकडे 2016 ची हाइझमन ट्रॉफी होती, कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान. तरी ॲलनबद्दल बोलणं व्हायचं ते हात किती ताकदीचा आहे आणि त्याला घडवता कसं येईल यावर, आणि जॅक्सनबद्दल, याला दुसऱ्या जागेवर खेळवावं काय यावर. बिल पोलियन हे इंडियानापोलिस कोल्ट्सचे जुने जनरल मॅनेजर, खेळातले मातब्बर माणूस. त्यांनी उघड सांगितलं की याने वाइड रिसीव्हर व्हावं, म्हणजे बॉल टाकणारा न होता झेलणारा. जॅक्सन 40 यार्डांची शर्यत पळायलाच तयार झाला नाही. वेगाचा आकडा एकदा कागदावर आला की लोक दुसरं काही वाचणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ॲलन सातव्या क्रमांकावर गेला, जॅक्सन 32 व्या. 2019 च्या हंगामात जॅक्सनने 36 टचडाऊन पास दिले, पळून 1,206 यार्ड काढले, आणि एमव्हीपीची, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या मानाची, सगळीच्या सगळी मतं घेतली. पोलियन यांनी त्या वर्षी आपलं चुकलं हे मान्य केलं, हेही सांगायला हवं. सगळे करत नाहीत.

सर इथं आडवे येतात, आणि त्यांचा मुद्दा खरा आहे. ॲलन साडेसहा फुटांच्या आसपासचा, जॅक्सन सहा फूट दोन इंच, अंगाने हलका. उंची-वजन बघणं म्हणजे वंशभेद नव्हे. बरोबर. म्हणूनच झाकून वाचायचं. "उंची कमी, आपल्या माणसांच्या घेऱ्यात उभं राहून पलीकडचं दिसेल का?" हे वाक्य कुठल्याही नावाला चालतं, ते ठेवा. "हा उपजत खेळाडू आहे, पण वाचन जमेल का?" हे फक्त एकाच रंगाच्या पोरांबद्दल ऐकू येत असेल, तर ते खोडा. युरोपातल्या गोल बॉलच्या फुटबॉलचंही हेच. 2020 मध्ये चार मोठ्या लीगमधल्या 80 सामन्यांची इंग्रजी कॉमेंट्री तपासली गेली, तर डोक्याची, मेहनतीची स्तुती उजळ रंगाच्या खेळाडूंकडे जास्त आणि ताकदीची, वेगाची गडद रंगाच्या खेळाडूंकडे जास्त, असं निघालं. कॉमेंट्री करणाऱ्यांच्या मनात द्वेष असेल असं नाही. तोंडाला सवय झालेली असते.

तिसरी पायरी जरा इतिहासाची आहे, पण ती टाळली तर वाद पोकळ राहतो. एखादा खेळाडू काय करू शकला यासोबत त्याला काय करू दिलं गेलं ते विचारा. मार्लिन ब्रिस्को 1968 मध्ये डेन्व्हरकडून क्वार्टरबॅक म्हणून उतरला, चांगला खेळला. पुढच्या वर्षी बफेलोत तो झेलणारा झाला होता. वॉरन मून 1978 ची रोझ बोल ही कॉलेजांची मानाची मॅच जिंकून आला, तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी एनएफएल या तिकडच्या मोठ्या लीगच्या कुठल्याच संघाने त्याला ड्राफ्टमध्ये घेतलं नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनकडून ओळीने पाच वेळा ग्रे कप हे तिथल्या लीगचं विजेतेपद जिंकला, मग 1984 मध्ये ह्यूस्टनने बोलावलं. 2006 मध्ये हॉल ऑफ फेम. आणि डग विल्यम्स! 31 जानेवारी 1988, सुपर बोल म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, वॉशिंग्टन विरुद्ध डेन्व्हर. एकट्या दुसऱ्या क्वार्टरमध्ये चार टचडाऊन पास, शेवटी 42-10. सुपर बोल जिंकणारा तो पहिला काळा क्वार्टरबॅक. दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक काळे असलेला सुपर बोल बघायला मात्र फेब्रुवारी 2023 उजाडावं लागलं, माहोम्स आणि हर्ट्स. म्हणून "पूर्वी चांगले काळे क्वार्टरबॅक नव्हतेच की" असं कुणी म्हणालं तर मूनची ती पाच-सहा वर्षं त्याच्या पुढ्यात ठेवा.

आता उलटी चूक. वंशाचा विषय एकदा निघाला की काही जण खेळाडूवर टीकाच करू देत नाहीत. भाचा रेव्हन्सचा भक्त, त्यामुळे हरल्यावर रडतो आणि दुसऱ्या कुणी नाव ठेवलं की अंगावर येतो. 2024 च्या हंगामात जॅक्सनने 41 टचडाऊन पास दिले आणि फक्त 4 पास समोरच्यांच्या हातात टाकले. प्लेऑफच्या त्या एका पहाटे एक पास आणि एक हातातला बॉल, असे दोन गेले. हे दोन्ही आकडे त्याचेच आहेत. दुसरा लपवला तर पहिल्यालाही किंमत राहत नाही.

हे सगळं अमेरिकेचं झालं, आपल्याला काय, असं वाटत असेल तर हल्याळ, यल्लापूर आणि आपल्या खानापूरच्या जंगलपट्ट्यातली सिद्दी वस्ती आठवा. आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. 1987 मध्ये स्पोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडियाने स्पेशल एरिया गेम्स योजनेत त्यांची पोरं निवडली, कारण आफ्रिकी रक्त म्हणजे पळण्यात उपजत, असा हिशोब. हॉस्टेल मिळालं, कोच मिळाले, काही जणांनी चांगली कामगिरीही केली. नव्वदच्या दशकात ते गुंडाळलं गेलं आणि पोरं आपापल्या गावी परत गेली. संधी मिळाली हे चांगलंच. पण बुद्धिबळाच्या पटापुढं कुणी बसवून बघितलं काय त्यांना?

पीटी सर एका निवड चाचणीचं सांगतात. गोल बॉलचा फुटबॉल, सिद्दी पोरगं मैदानात आलं, आणि निवड करणाऱ्यांपैकी एक जण वहीतून मान वर न काढताच म्हणाला, "विंगला टाका, पळतंय." सर म्हणाले, "एकदा मधी घालून बघा की." घातलं. सरांनी त्या दिवशी पाय बघितलेच नाहीत. बॉल येण्याआधी पोरगं डावीकडं खांद्यावरून मागं बघायचं, मग उजवीकडं, आणि बॉल पायाशी आला की तो कुठं द्यायचा ते ठरलेलं असायचं. तीन वेळा त्याने पहिल्याच टचला बॉल बाजू बदलून दिला. यादीत त्याच्या नावापुढं शेवटी "विंग" असंच आलं. सर हे सांगताना अजून चिडतात.

म्हणून तुमच्या हातात कधी गल्लीतल्या संघाची, शाळेच्या संघाची निवड आली, तर पोरांची नावं-गावं विचारायच्या आधी छातीवर नंबर लावा. प्रत्येकाला तीन जागांवर निदान पंधरा-पंधरा मिनिटं खेळवा, त्यात एक जागा त्याने स्वतः मागितलेली असू दे. टिपण दोघांनी वेगवेगळं लिहायचं, एकमेकांना न दाखवता. "चपळ", "दांडगं", "हुशार" लिहायचं नाही. किती वेळा मान वळवून बघितलं, किती पास आपल्याच माणसाला पोचले, बॉल गेल्यावर परत मिळवायला धावलं की उभं राहिलं, एवढंच. नावांची यादी दोन्ही वह्या जुळवल्यावर उघडा. पाऊस असेल तर चाचणी पुढं ढकला, आपल्याकडच्या जुलैच्या चिखलात सगळी पोरं सारखीच घसरतात.