जिल्ह्याची रुग्णवाहिका सेवा सांभाळताय? या चुका टाळा

दहा कॉलच्या वेळा बघा. फोन आल्यापासून गाडी पोहोचेपर्यंतची मिनिटं: ९, १०, ११, ११, १२, १२, १३, १४, ५२, ५६. बेरीज २००, सरासरी २०. आपल्याकडे शहरात २० आणि ग्रामीण भागात ३० मिनिटांचं लक्ष्य धरतात, म्हणजे हा जिल्हा कागदावर उत्तम चालला आहे.

हे आकडे समजावण्यासाठी मी मांडलेत. पण जिल्ह्याची जबाबदारी आली त्या पहिल्या वर्षी दर महिन्याला असाच तक्ता माझ्या टेबलावर यायचा आणि मी सही करून पुढे पाठवायचो. ते ५२ आणि ५६ कुठले, हे कधी विचारलं नाही. त्याआधी काही वर्षं मी स्वतः गाडीवर डॉक्टर होतो, मला तरी विचारायला हवं होतं. शेवटी एका आढावा बैठकीनंतर एक आशाताई बाहेर थांबून राहिल्या. म्हणाल्या, "साहेब, आमच्या पाड्यावरची माणसं आता फोनच करत नाहीत. गाडी यायच्या आत जीपवाला मिळतो."

ते ऐकून मला जे कळलं ते कुठल्याच तक्त्यात नव्हतं. जिथे सेवा सगळ्यात वाईट, तिथले लोक फोन करणंच सोडतात. त्यांचे कॉल यादीतून गळतात आणि सरासरी आपोआप सुधारते. आपण पाठ थोपटून घेतो.

सरासरी बघून निश्चिंत होणं

म्हणून पहिली चूक हीच. सरासरी बाजूला ठेवा आणि वेळा लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावा. दहापैकी नवव्या क्रमांकावर कोणता आकडा आहे? वरच्या उदाहरणात तो ५२ आहे. इंग्लंडमध्ये २०१७ मध्ये रुग्णवाहिकांचे निकष बदलले, तेव्हा जिवावर बेतलेल्या कॉलसाठी सरासरी ७ मिनिटं हे लक्ष्य ठेवलंच, पण सोबत दहापैकी नऊ कॉलना १५ मिनिटांच्या आत पोहोचलं पाहिजे अशी दुसरी अटही घातली. तिथे जिवाला धोका असलेले कॉल आणि बाकीचे कॉल वेगवेगळे मोजतात. आपल्याकडे पाय मुरगळलेला आणि झटके येणारं बाळ बऱ्याचदा एकाच रकान्यात असतात.

दुसरं, हा तक्ता जिल्ह्याचा नको, गावनिहाय हवा. तालुक्याच्या गावातले पाच-सात मिनिटांत पोहोचलेले कॉल डोंगरावरच्या पाड्यांना झाकून टाकतात. आणि ज्या गावातून सहा महिन्यांत एकही कॉल आला नाही, त्या गावांची यादी वेगळी काढा. तिथे कोणी आजारी पडत नाही असं समजू नका. आशाताईंना विचारा, पोलीस पाटलांना विचारा, सरळ गावात जा.

तिसरं, घड्याळ कुठे थांबतं ते तपासा. गाडी फाट्यावर पोहोचली, बटण दाबलं, वेळ नोंदली गेली. तिथून स्ट्रेचर घेऊन ओढा ओलांडून वस्तीवर जायला आणखी पंधरा मिनिटं लागली, ती कुठेच नाहीत. रुग्णाच्या दृष्टीने गाडी पोहोचते ती कोणीतरी त्याच्या नाडीवर हात ठेवतं तेव्हा.

उशिराबद्दल नोटीस देणं

फाट्यावर बटण का दाबलं जातं? कारण उशीर झाला की वरून नोटीस येते. मीही अशा नोटिसा काढल्या आहेत. दोन महिन्यांत वेळा सुधारल्या, मला आनंद झाला. मग एका पायलटने, म्हणजे गाडीच्या चालकाने, चहा पिताना खरं सांगितलं की गाडी सुधारली नाही, बटण लवकर दाबलं जातंय. नोटिशीने आम्हाला खोटे आकडे मिळाले आणि त्या खोट्या आकड्यांवर मी गाड्या कुठे उभ्या करायच्या ते ठरवत होतो.

उशीर झाला की आधी कारण लिहून घ्या, माणसाचं नाव नंतर. रस्ता खचला होता, पत्ता चुकला, स्ट्रेचर रुग्णालयात अडकलं होतं, टायर पंक्चर, पायलट सलग दुसऱ्या ड्यूटीवर. कारणांची वही तीन महिने प्रामाणिकपणे भरली तर दिसेल की माणसाच्या आळसाने झालेले उशीर फारच थोडे. दारू पिऊन गाडीवर येणं, कॉल मुद्दाम नाकारणं, रुग्णाकडे पैसे मागणं, यात मात्र गय नको. चूक आणि बेपर्वाई यांना एकच शिक्षा मिळायला लागली की माणसं चुका लपवतात, आणि लपवलेली चूक पुढच्या रुग्णाच्या वाट्याला येते.

डबल ड्यूटीचंही इथेच सांगतो. बारा तास गाडी चालवलेल्या पायलटला बदली माणूस आला नाही म्हणून पुढचे बारा तास बसवणं ही सोय वाटते. पहाटे चारच्या घाटात तो डोळे मिटेल तेव्हा मागे रुग्ण, नातेवाईक आणि आपलाच डॉक्टर असतो. बदली माणसांची यादी महिन्याच्या सुरुवातीला तयार असावी, आणि माणूस नसेल तर ती गाडी तेवढे तास ऑफ रोड दाखवण्याचं धाडस प्रमुखाने करावं. सही त्याचीच असते.

"गाडी ऑन रोड आहे" यावर विश्वास ठेवणं

मी गाडीवर असतानाची गोष्ट. ग्रामीण रुग्णालयातून न्यूमोनियाचा रुग्ण मेडिकल कॉलेजला न्यायचा होता, दोन तासांचा घाटरस्ता. गाडीत बी-टाइप सिलिंडर, तपासणीच्या फॉर्मवर "ऑक्सिजन: आहे" अशी टिक. तासाभराने काटा शून्याकडे झुकला. दुसरा सिलिंडर होता, पण तो उघडायची चावी गाडीत नव्हती. वाटेतल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राचं दार रात्री अकराला ठोठावलं आणि तिथल्या सिस्टरनी आपला सिलिंडर काढून दिला म्हणून तो माणूस वाचला. त्या चावीची किंमत काय असेल? शंभर-दोनशे रुपये.

"आहे" ही तपासणी नव्हे. बी-टाइप सिलिंडर १० लिटरचा असतो आणि पूर्ण भरला की काटा साधारण १५० दाखवतो, म्हणजे आत जवळपास १५०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला १० लिटर सोडला तर काट्यावरचा आकडा म्हणजेच तुमच्या हातातली मिनिटं. काटा ७० वर असेल तर ७० मिनिटं, त्यातली वीस राखीव धरा, उरली ५०. मास्कवर १५ लिटर चालू असेल तर याहूनही कमी. हा हिशेब गाडीच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात चिकटवा आणि फॉर्मवर टिकऐवजी आकडा लिहायला लावा. आकडा लिहायचा म्हटलं की माणूस काट्याकडे बघतो.

हेच बाकी वस्तूंना लागू आहे. सक्शन मशीन चालू करून पाणी ओढून बघा. एईडीचे, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचे, पॅड कधी बाद होतात ती तारीख बघा. ग्लुकोमीटर असतो, पट्ट्या संपलेल्या असतात. लहान मुलांच्या मापाची अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि मास्क ही सगळ्यात जास्त वेळा हरवलेली वस्तू, आणि ज्या दिवशी लागते त्या दिवशी दुसरा पर्याय नसतो. महिन्यातून दोनदा, न सांगता, रात्रीच्या वेळी एखाद्या लोकेशनवर जाऊन स्वतः गाडी उघडा. ओरडायला नाही, बघायला.

रुग्णालयाच्या दारातला वेळ न मोजणं

कॉलपासून पोहोचण्यापर्यंत आपण सेकंदांचा हिशेब ठेवतो, आणि सिव्हिलच्या दारात गाडी पाऊण तास उभी राहिली तर ते कोणाच्याच हिशेबात नसतं. बेड नाही म्हणून रुग्ण आपल्याच स्ट्रेचरवर, म्हणून स्ट्रेचर अडकलं, म्हणून गाडी अडकली. तेवढ्या वेळात तिकडे तिच्या हद्दीतला अपघात शेजारच्या तालुक्यातल्या गाडीला मिळतो.

रात्री दोन वाजता हे गाडीवरच्या डॉक्टरने कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरशी भांडून सुटत नाही. दोघंही दमलेले असतात. हे सिव्हिल सर्जन आणि तुम्ही दिवसा समोरासमोर बसून सोडवायचं काम आहे: दोन जादा स्ट्रेचर कॅज्युअल्टीत कायम ठेवायची, अदलाबदल करायची, पंधरा मिनिटांच्या वर गाडी थांबली तर कोणाला फोन जाणार ते नाव ठरवायचं. बैठकीला जाताना तक्रार नको, दारात गेलेल्या तासांची तारखेनिशी यादी न्या.

एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेण्याच्या केसही वेगळ्या मोजा. १०८ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा सगळ्या राज्यासाठी ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या ७०४ बीएलएस, म्हणजे प्राथमिक सोयींच्या, आणि व्हेंटिलेटर, मॉनिटर असलेल्या एएलएस फक्त २३३, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी सहा-सात. त्यातली एक पाच तासांच्या रेफर केसवर गेली की अर्ध्या जिल्ह्याचा आधार गेला. रेफर करणाऱ्या डॉक्टरने पुढच्या रुग्णालयाशी बोलून बेड पक्का केल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा नियम प्रमुखानेच लावायचा असतो. गाडीवरचा पोरगेला डॉक्टर नातेवाईकांच्या गर्दीत तो लावू शकत नाही.

जवळचं तेच बरोबर, असं मानणं

नाग चावलेल्या माणसाला सात किलोमीटरवरच्या केंद्रात नेलं आणि तिथे सर्पदंशाची लस संपलेली असेल, तर ते सात किलोमीटर उलटे गेले. लकवा मारलेल्या माणसाला सीटी स्कॅन हवं, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं ते साधारण पहिल्या साडेचार तासांतच. कुठे काय आहे ही यादी जिल्हा प्रमुखाकडे असावी आणि ती दर आठवड्याला फोन करून ताजी व्हावी. पावसाळ्यात तर दर दोन-तीन दिवसांनी. एका माणसाला अर्धा तास लागतो. नागदंशात श्वास थांबतो, तेव्हा लस मिळेपर्यंत अँब्यू बॅगने श्वास देत राहावं लागतं. हा सराव प्रत्येक डॉक्टर आणि पायलटकडून पावसाळ्याआधी बाहुलीवर करून घ्या.

फोनवरच्या माणसाला विसरणं

आपल्या राज्याचा कॉल पुण्याच्या नियंत्रण कक्षात जातो, म्हणून जिल्ह्यातले प्रमुख तो विषय सोडून देतात. सोडू नका. "वडगाव, मारुतीच्या देवळाजवळ" एवढाच पत्ता आला तर वडगाव कुठलं? एकाच जिल्ह्यात तीन-चार सापडतील. सारख्या नावाच्या गावांची, एसटी थांब्यांची, पावसात बंद होणाऱ्या पुलांची यादी तुम्ही बनवून पाठवली तर तिथला माणूस ती वापरेल. ती तो स्वतः कुठून आणणार?

आणि गाडी येईपर्यंतच्या मिनिटांचं काय? अमेरिकेत सिएटलच्या किंग काउंटीची सेवा हृदय बंद पडलेल्यांना वाचवण्यासाठी नावाजलेली आहे. त्यांच्याकडे चांगल्या गाड्या आहेत हे खरं, पण ऐंशीच्या दशकापासून तिथे फोन घेणारा माणूसच घरच्यांना छाती दाबायला शिकवतो: छातीच्या मधोमध, जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मी मोजतो तुम्ही दाबा. छाती दाबली नाही तर जगण्याची शक्यता मिनिटागणिक ७ ते १० टक्क्यांनी घटते. ज्या गावात आपली गाडी २५ मिनिटांनी पोहोचणार, तिथे गावातल्याच चार माणसांना हे शिकवणं हे रुग्णवाहिका प्रमुखाचं काम आहे. ग्रामपंचायत, शाळा, तरुण मंडळ, जिथे जमेल तिथे. दोन तास पुरतात.

सायरनबद्दल थोडक्यात: प्रत्येक कॉलला सायरन आणि वेग लागत नाही. वाचलेली दोन मिनिटं आणि घाटात उलटलेली गाडी यांची तुलना करून कुठल्या कॉलला काय, ते लेखी ठरवून द्या.

वर्षभर गाड्या एकाच जागी ठेवणं

जिल्हा बारा महिने सारखा नसतो. ऊसतोड सुरू झाली की हजारो माणसं कारखान्याच्या परिसरात फडावर राहायला येतात. त्यात गरोदर बाया असतात, कोयत्याने कापलेले हात असतात, ट्रॅक्टर उलटून चिरडलेले पाय असतात, आणि त्यांच्या पालांना पत्ता नसतो. आषाढी वारीच्या वाटेवर असाल तर पालखीच्या मुक्कामांप्रमाणे गाड्या सरकवाव्या लागतात, आणि मागे रिकामे झालेले तालुके कोण सांभाळणार हेही त्याच दिवशी ठरवावं लागतं. बहुतेक आराखड्यांत हा दुसरा भाग नसतो.

आम्ही त्या आशाताईंच्या भागासाठी जूनमध्ये एक गाडी तालुक्याच्या गावातून उचलून घाटाच्या वर, आश्रमशाळेच्या आवारात नेली. डॉक्टर आणि पायलटसाठी एक खोली, पाणी, दिवा, एवढी सोय झाल्यावरच नेली. गावातल्या पुढाऱ्यांनी विरोध केला, तो त्यांच्या जागी बरोबर होता. पुढच्या तीन महिन्यांत पाड्यांवरून कॉल यायला लागले, आणि ते लांबचे असल्यामुळे जिल्ह्याची सरासरी पाच मिनिटांनी वाढली. बैठकीत मला त्याबद्दल उभं करून विचारलं गेलं. मी गावनिहाय तक्ता पुढे ठेवला. त्या पाड्याच्या नावापुढे आधी काहीच नव्हतं. आता चौदा कॉल होते, सगळ्यात उशिराचा ३४ मिनिटांचा.